वाटीमागची कूर्चा : दुरुस्ती की बळकटी?

गुडघ्याच्या वाटीची मागची बाजू कूर्चेच्या जाड थराने मढवलेली असते. माणसाच्या शरीरातल्या सगळ्या सांध्यांत सर्वांत जाड कूर्चा हीच; मध्यभागी तिची जाडी 5-6 मिलिमीटर भरते. इतक्या जाडीचे कारण वाटीच्या कामात आहे. मांडीचा पुढचा स्नायू वाटीला वर ओढतो, वाटीखालचा कंडरा तिला नडगीच्या हाडाशी बांधून ठेवतो, आणि गुडघा वाकला की या दोन ओढींमध्ये वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत दाबली जाते. सपाट रस्त्यावर चालताना हा दाब शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असतो. जिना चढता-उतरताना तो वजनाच्या तिपटीवर जातो, आणि पूर्ण उकिडवे बसताना सात-आठपट होतो. म्हणजे 60 किलो वजनाच्या माणसाच्या वाटीमागे 400 किलोंहून जास्त भार.

जुईनगरसारख्या वस्तीत हा भार रोजचाच. नवी मुंबईत सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारतींपैकी अनेक तीन-चार मजल्यांच्या आणि बिनलिफ्टच्या आहेत. हार्बर आणि ट्रान्सहार्बर या दोन्ही मार्गांच्या लोकल जुईनगरला थांबतात, तेव्हा स्थानकाचे जिने आलेच. जवळच्या पाम बीच रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ पळणारे असतात, आणि घरात जमिनीवर बसून करायची कामे संपलेली नाहीत. जिना उतरताना वाटीमागे कळ येणे, बराच वेळ बसून उठताना गुडघा आखडणे, वाकवताना कुरकुर वाजणे, ही तक्रार घेऊन लोक दवाखान्यात येतात तेव्हा ‘वंगण संपलंय’ किंवा ‘गादी झिजलीय’ असे सांगतात. एमआरआयच्या कागदावर ‘काँड्रोमलेशिया पटेला’, म्हणजे वाटीच्या कूर्चेची झीज, असे छापून येते.

कूर्चेत सुमारे 70 टक्के पाणी असते. उरलेल्या भागात कोलॅजनच्या तंतूंचे जाळे आणि त्या जाळ्यात पाणी धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकनचे रेणू. हे सारे घडवणाऱ्या आणि राखणाऱ्या पेशी अगदी विरळ. रक्तवाहिनी एकही नाही. सांध्यातल्या द्रवातून पोषण मिळते, तेही भिजलेला स्पंज दाबावा आणि सोडावा तसे दाब पडत-सुटत राहिला तरच. त्यामुळे कातडीची जखम भरते तशी कूर्चा भरत नाही. विल्यम हंटर यांनी 1743 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांध्यांच्या कूर्चेवर निबंध वाचला, त्यात ही गोष्ट नोंदलेली आहे आणि आजवर ती खोटी ठरलेली नाही. मात्र याच रचनेतून निघणारी दुसरी गोष्ट लोकांपर्यंत पोचत नाही: दाबाशिवाय पोषण नाही, म्हणून गुडघा महिनोन्‌महिने पूर्ण विश्रांतीत ठेवला तर कूर्चेचे नुकसानच होते.

झिजेच्या पायऱ्या 1961 मध्ये आउटरब्रिज यांनी ठरवल्या, आणि त्या वाटीचीच कूर्चा पाहून ठरवल्या. पहिल्या पायरीत कूर्चा मऊ पडते आणि फुगते. दुसरीत अर्ध्या इंचाच्या आतल्या भागात भेगा आणि तुकडे दिसतात, तिसरीत तो भाग अर्ध्या इंचाहून मोठा होतो, चौथीत हाड उघडे पडते. हल्ली रुंदीऐवजी खोली मोजण्याकडे कल आहे. कूर्चेची निम्म्याहून अधिक जाडी गेली की ग्रेड 3.

या झिजेवर उपाय काय, याबद्दल दोन विचार आहेत. ते इथे दोन प्रातिनिधिक व्यक्तींच्या तोंडी ठेवले आहेत: एक अस्थिशल्यतज्ज्ञ आणि एक जुईनगरच्या वस्तीत काम करणारी फिजिओथेरपिस्ट. दोघांसमोर रुग्ण एकच कल्पिलेली आहे. वय 35, तिसऱ्या मजल्यावर घर, लोकलने ठाण्याला नोकरी, उजव्या गुडघ्यात जिना उतरताना कळ, एमआरआयमध्ये वाटीमागे ग्रेड 3.

फिजिओथेरपिस्ट: सर, ही बाई आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, तिसऱ्या ग्रेडची चौथी व्हायला किती दिवस लागतील? दुखत होतं गुडघ्यात, भीती मात्र कागदातून आलेली. कूर्चेत चेतातंतूच नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. स्कॉट डाय यांनी तर हे स्वतःच्या गुडघ्यावर तपासलं. सांध्याच्या आत भूल न घेता दुर्बीण घालून घेतली आणि एकेक भाग सळईनं दाबून घेतला. 1998 मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध झाला. सांध्याचं अस्तर आणि वाटीखालची चरबी टोचली तेव्हा ते कळवळले. वाटीमागची कूर्चा दाबली तेव्हा काहीच जाणवलं नाही, आणि तिथे झीज तर होती.

सर्जन: डाय यांचा प्रयोग ठाऊक आहे, मॅडम. पण कूर्चेखालच्या हाडाला चेतातंतू आहेत. वरचा थर गेला की भार थेट त्या हाडावर पडतो आणि एमआरआयमध्ये तिथे सूज दिसते. अस्तर सुजतं त्यामागेही बऱ्याचदा सांध्यात सुटलेला कूर्चेचा भुगा असतो. कूर्चा स्वतः दुखत नाही, पण तिच्या जाण्यानं जे दुखतं त्याचं काय?

फिजिओथेरपिस्ट: तरीही हिशेब जुळत नाही. कधी न दुखलेल्या, मार न लागलेल्या गुडघ्यांच्या एमआरआयचे अभ्यास 2019 मध्ये एकत्र करून पाहिले गेले. चाळिशीच्या आतल्या 11 टक्के लोकांच्या कूर्चेत दोष निघाला, चाळिशीनंतर 43 टक्क्यांच्या. या सगळ्यांना रिपोर्ट दिला असता तर सगळेच घाबरले असते.

सर्जन: पोलंडमध्ये 25,000 हून अधिक गुडघे दुर्बिणीतून पाहिले, त्यांतल्या 60 टक्क्यांत कूर्चेला इजा होती आणि सर्वांत जास्त वाटीच्याच मागे. झीज सर्रास आढळते, इथपर्यंत आपलं एकमत. कुणाची झीज निरुपद्रवी आणि कुणाची नाही, हे ओळखायचं कसं, ते सांगा.

इथे वादाचा खरा विषय सुरू होतो, आणि त्याचे उत्तर ग्रेडच्या आकड्यात नाही. वाटी खाचेत सरळ सरकते की बाहेरच्या बाजूला ओढली जाते, हे आधी पाहावे लागते. गुडघा किंचित वाकवून घेतलेल्या स्कायलाइन एक्स-रेमध्ये वाटीचा कल दिसतो. काहींची वाटी जन्मतः उंचावर बसलेली असते, काहींची खाच उथळ असते. नडगीच्या हाडावरचा कंडऱ्याचा उंचवटा खाचेच्या मध्यापासून किती बाहेर आहे, हे सीटी किंवा एमआरआयवर मिलिमीटरमध्ये मोजता येते; 20 मिलिमीटरच्या पुढे तो जास्त मानला जातो. हाडांची ठेवण ठीक असेल तर दोष स्नायूंत शोधायचा. एमआरआयला बाई आडवी असते आणि मांडी सैल सोडलेली असते. जिन्यावर तिचा गुडघा काय करतो, हे त्या चित्रात येत नाही.

फिजिओथेरपिस्ट: म्हणून मी तिला पायरीवर उभं करते. साधी 15 सेंटिमीटरची पायरी, समोर आरसा. दुखऱ्या पायावर उभं राहायचं आणि दुसऱ्या पायाची टाच सावकाश जमिनीला टेकवायची. अर्ध्यावर येताच तिचा गुडघा आत पडला, कंबर दुसऱ्या बाजूला झुकली, आणि शेवटी टाच टेकली नाही, आदळली. दिवसातून किती वेळा ती असा जिना उतरत असेल! वाटीखाली खाच आत फिरते आणि वाटीची बाहेरची कड दाबली जाते. कूर्चा झिजलीय ती नेमकी तिथेच. तिच्या मांडीत ताकद नाही आणि कुल्ह्याच्या बाजूच्या स्नायूंत त्याहून नाही.

सर्जन: मग व्यायाम कोणता? कारण ‘मांडीचे व्यायाम करा’ एवढं सांगून पाठवलेले रुग्ण दुखणं वाढवून परत येतात.

फिजिओथेरपिस्ट: येणारच, कोन न सांगता व्यायाम दिला तर. उभं राहून अर्धी बैठक मारायची असेल तर गुडघा सरळपासून 45 अंशांपर्यंतच वाकवायचा. त्यापुढे वाटीवरचा दाब झपाट्यानं वाढतो. खुर्चीत बसून पायाला वजन बांधून पाय उचलायचा असेल तर उलट. 90 अंशांपासून 45 पर्यंत उचलायचा, शेवटचं सरळ करणं सध्या नको. जिममध्ये लोक नेमका तोच शेवटचा झटका जोरात मारतात. जोडीला कुशीवर झोपून पाय उचलणं, पट्टा लावून आडवं चालणं. आठवड्यातून तीन दिवस, निदान 12 आठवडे, आणि वजन वाढवत न्यायचं. थोडं दुखलं तर चालतं. दहापैकी तीनपर्यंत दुखू द्यावं, पण दुसऱ्या सकाळी ते मागे उरता कामा नये.

कुल्हा आणि गुडघा या दोन्हींचे व्यायाम एकत्र द्यावेत, हीच शिफारस वाटीच्या दुखण्यावरच्या 2019 च्या अमेरिकन फिजिओथेरपी मार्गदर्शिकेत आहे. वाटीला चिकटपट्टी लावून तिचा कल सावरण्याची पद्धत ऑस्ट्रेलियाच्या जेनी मॅककॉनेल यांनी 1986 मध्ये मांडली. सुरुवातीचे काही आठवडे दुखणे कमी ठेवून व्यायाम करून घ्यायला ती उपयोगी पडते, त्यापलीकडे तिच्यावर विसंबू नये. घरात उकिडवे बसणे काही महिने टाळावे, भारतीय पद्धतीच्या संडासावर कमोडची खुर्ची ठेवावी. जिना मात्र बंद करू नये. कठड्याला धरून, फेऱ्या कमी करून तो चालू ठेवावा.

सर्जन: मॅडम, यातलं काही मी नाकारत नाही. पण परदेशात अशा रुग्णांचा पाठपुरावा झाला, तेव्हा पाच ते आठ वर्षांनंतरही निम्म्याहून अधिक लोक पूर्ण बरे नव्हते. व्यायामानं स्नायू भरतो, खड्डा भरत नाही.

फिजिओथेरपिस्ट: त्यांच्यापैकी पूर्ण मात्रेत व्यायाम किती जणांनी केला, हा प्रश्न राहतोच. आमच्याच धंद्याचा दोष सांगते. दहा दिवस शेक, दहा दिवस करंट, मशीन सुटलं की रुग्णही सुटला. त्याला फिजिओथेरपी म्हणायचं आणि मग ‘फिजिओ करून पाहिली, उपयोग नाही’ असा शिक्का मारून रुग्ण ऑपरेशनला जायचा. बारा आठवडे वजन वाढवत केलेला व्यायाम आणि दहा दिवसांचा शेक यांना एकाच नावानं मोजू नका.

ही तक्रार रास्त आहे. जुईनगरपासून ठाण्यापर्यंत रोजचा प्रवास करणाऱ्या बाईला शेक घ्यायला क्लिनिकमध्ये पडून राहण्यापेक्षा घरच्या पायरीवर 20 मिनिटे व्यायाम करणे सोयीचेही आहे आणि खर्चालाही हलके.

गोळ्या आणि इंजेक्शने यांच्याबाबत दोन्ही बाजूंत फारसे मतभेद नाहीत. ज्या अभ्यासांचा आधार घेतला जातो ते मुख्यतः संपूर्ण गुडघ्याच्या संधिवातावरचे आहेत, हे ध्यानात ठेवून बोलायचे. ग्लुकोसामीन आणि काँड्रॉइटिन यांची अमेरिकेत 1,583 रुग्णांवर चाचणी झाली. 2006 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा एकूण रुग्णांत ही औषधे खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. स्टिरॉइडचे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दोन वर्षे दिल्यावर कूर्चा जास्त झिजली आणि दुखणे मिठाच्या पाण्यापेक्षा कमी झाले नाही, असे 2017 मध्ये दिसून आले. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेटच्या इंजेक्शनाने, म्हणजे पीआरपीने, चंडीगडच्या पीजीआयमधल्या अभ्यासात सहा महिन्यांपर्यंत आराम दिसला (2013). ऑस्ट्रेलियातल्या 288 रुग्णांच्या चाचणीत ती खोट्या इंजेक्शनाइतकीच ठरली (2021). 35 वर्षांच्या बाईला ‘वंगणाचे इंजेक्शन’ हा पहिला उपाय म्हणून देणे योग्य नाही.

सर्जन: आता शस्त्रक्रियेकडे येऊ. दुर्बिणीतून झिजलेली कूर्चा तासून साफ करण्याची पद्धत फार चालली होती. ह्यूस्टनमध्ये 180 संधिवाताच्या रुग्णांवर चाचणी झाली. काहींना नुसते छेद दिले, आत काहीच केलं नाही. 2002 मध्ये निकाल आला, तासलेल्यांचं दुखणं न तासलेल्यांपेक्षा कमी नव्हतं. तेव्हा ‘आत जाऊन साफ करून टाकू’ याची बाजू मी घेणार नाही. हाडाला बारीक भोकं पाडून रक्त वर आणायचं, ही मायक्रोफ्रॅक्चरची युक्ती अमेरिकेच्या रिचर्ड स्टेडमन यांची. तिनं खड्डा भरतो, पण भरतो तो चरबट, तंतुमय कूर्चेनं. वाटीमागचा दाब ती फार वर्षं सोसत नाही.

फिजिओथेरपिस्ट: दुसरीकडून कूर्चेचे तुकडे काढून वाटीत बसवायचे, ती पद्धतही आहे ना?

सर्जन: मोझेइकप्लास्टी. मांडीच्या हाडावर ती चालते. लंडनच्या एका चाचणीत वाटीवर केलेल्या पाचही अयशस्वी ठरल्या, 2003 मध्ये ते प्रसिद्ध झालं. वाटीची कूर्चा जाड, दुसरीकडून आणलेली पातळ. ती मेळ खात नाही. खरी आशा पेशी वाढवून लावण्यात आहे.

पेशी वाढवून लावण्याची पद्धत स्वीडनमधली. 1994 मध्ये तिथल्या संशोधकांनी 23 रुग्णांचे निष्कर्ष मांडले. दुर्बिणीतून कमी भाराच्या जागेची थोडीशी कूर्चा काढायची, प्रयोगशाळेत तिच्यातल्या पेशी काही आठवडे वाढवायच्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्या खड्ड्यात बसवायच्या. महाराष्ट्राचा या पद्धतीशी थेट संबंध आहे. मुंबईची रीग्रो बायोसायन्सेस ही कंपनी लोणावळ्याच्या प्रयोगशाळेत रुग्णाच्याच कूर्चेच्या पेशी वाढवते, आणि या उपचाराला भारताच्या औषध महानियंत्रकांनी 2017 मध्ये मान्यता दिली. नवी मुंबईच्या रुग्णाला त्यासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज उरलेली नाही. (2022 मध्ये मान्यता मिळालेले ‘स्टेमवन’ हे मूळपेशींचे इंजेक्शन वेगळे. ते संपूर्ण गुडघ्याच्या संधिवातासाठी आहे, वाटीतल्या एका खड्ड्यासाठी नाही.)

फिजिओथेरपिस्ट: त्याच 1994 च्या निबंधात मांडीच्या हाडावरच्या 16 रुग्णांपैकी 14 चांगले झाले, आणि वाटीवरच्या 7 पैकी फक्त 2. हेही सांगायला हवं, सर.

सर्जन: सांगतो, आणि कारणही सांगतो. त्या पहिल्या रुग्णांत वाटी वाकडी सरकत होती ती तशीच राहू दिली. नवीन कूर्चा लावली आणि तिच्यावर तोच वाकडा भार पुन्हा टाकला. पुढे वाटी सरळ करण्याची शस्त्रक्रिया सोबत करायला लागले तेव्हा निष्कर्ष सुधारले. अमेरिकेत जाळीवर वाढवलेल्या पेशींना डिसेंबर 2016 मध्ये मान्यता मिळाली, तीत वाटी वगळलेली नाही.

फिजिओथेरपिस्ट: म्हणजे भार बदलल्याशिवाय नवी कूर्चाही टिकत नाही. मी पायरीवर हेच सांगतेय.

सर्जन: खरं आहे. फरक एवढाच की काहींचा भार व्यायामानं बदलणारा नसतो. उंचवटा 22 मिलिमीटर बाहेर असेल तर कुल्ह्याचा स्नायू तो आत आणू शकत नाही. हाड कापून उंचवटा पुढे आणि आत सरकवावा लागतो. फल्कर्सन यांनी 1983 मध्ये ही शस्त्रक्रिया मांडली. वाटीच्या बाहेरच्या आणि खालच्या भागावरचा भार तीत कमी होतो, आणि झीज तिथेच असेल तर कधीकधी पेशी लावण्याचीही गरज पडत नाही.

वादाची गाठ इथे सुटते. कूर्चेचा खड्डा हा परिणाम आहे, कारण वाटीच्या चालीत आणि तिच्यावरच्या भारात आहे. ते कारण स्नायूंत असेल तर फिजिओथेरपिस्टची बाजू बरोबर ठरते, हाडात असेल तर सर्जनची. कारण न शोधता खड्डा तासणे किंवा भरणे ही मात्र दोघांच्याही मते चूक आहे.

थांबू नये असेही काही रुग्ण असतात, आणि त्यांच्याबाबत सर्जनचा आग्रह पूर्णपणे मान्य करावा लागतो. कबड्डीच्या मैदानात 17 वर्षांच्या मुलाची वाटी बाजूला सरकते, परत बसते, आणि काही तासांत गुडघा रक्ताने टरारून फुगतो. वाटी पहिल्यांदा सरकली तरी बहुतेकांच्या कूर्चेला इजा झालेली असते, आणि काहींत हाडासकट कूर्चेचा तुकडा सुटून सांध्यात तरंगतो. असा तुकडा लवकर सापडला तर जागेवर बसवून जोडता येतो. आठवडे गेले की तो फुगतो, झिजतो आणि काढून टाकावा लागतो. इथे ‘आधी तीन महिने व्यायाम’ हा सल्ला घातक आहे. वाटी वारंवार सरकत असेल तर तिला आतून धरणारा फाटलेला बंधही नव्याने बांधावा लागतो.

दुसऱ्या टोकाला, वाटी आणि खाच या दोन्हींची कूर्चा हाडापर्यंत गेलेली असेल तर पेशी लावून उपयोग होत नाही. तिथे कृत्रिम सांध्याचाच विचार करावा लागतो. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्र सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये मर्यादा घातल्याने तो खर्च बराच खाली आलेला आहे. पण हा साठीनंतरचा मार्ग. पस्तिशीत तो निवडला तर आयुष्यात पुन्हा सांधा बदलण्याची वेळ येण्याचा धोका मोठा.

कल्पिलेल्या बाईच्या बाबतीत दोघांचा निर्णय अखेर एकच निघतो. तिची वाटी कधी सरकलेली नाही, गुडघा अडकत नाही, सूज नाही, उंचवट्याचे माप हद्दीत आहे. तिने 12 आठवडे वजन वाढवत व्यायाम करावा, उकिडवे बसणे थांबवावे, जिना चालू ठेवावा आणि दर महिन्याला तीच पायरी आरशासमोर उतरून पाहावी. दुसरा एमआरआय आत्ता नको. ग्रेड बदललेली नसेल आणि भीती तेवढी परत येईल. सहा महिन्यांनीही जिना उतरताना तशीच कळ येत असेल तर सर्जनकडे जावे. त्याआधी गुडघा अचानक सुजला, अडकला किंवा वाटी जागची हलली तर त्याच आठवड्यात.

वाटीमागची झीज रिपोर्टमध्ये आली म्हणून ऑपरेशनची तारीख घेऊ नका, आणि रिपोर्ट फाडूनही टाकू नका. सर्जनकडे जा किंवा फिजिओथेरपिस्टकडे, पहिला प्रश्न ग्रेडबद्दल विचारू नका. माझी वाटी सरळ सरकते का, आणि सरकत नसेल तर दोष हाडात आहे की स्नायूत, हे विचारा आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत इंजेक्शन किंवा छेद यांना होकार देऊ नका.